सावलींतील अरुंद वाफ्यासाठीं गवतांची निवड

शाळा असो, जुना वाडा असो किंवा शहरांतील नवें गृहसंकुल असो, इमारत व कुंपणाची भिंत यांच्यामध्यें दीड-दोन फूट रुंदीची एक चिंचोळी पट्टी बहुधा राहिलेली असते. तेथें ऊन येत नाहीं म्हणून कोणी फुलझाड लावीत नाहीं. कोणी कांहीं लावीत नाहीं म्हणून फुटकीं कौलें, विटांचे तुकडे व कागदांचे बोळे तेथें येऊन पडतात. आणि शेवटीं ती जागा डांसांचें व विंचवांचें घर होऊन बसते. वर्गाच्या खिडक्या मात्र त्याच बाजूला उघडतात. जीं मुलें त्या खिडक्यांशीं बसतात, त्यांच्या डोळ्यांपुढें वर्षभर हेंच दृश्य असतें, व खिडकींतून येणारा वाराहि त्याच जागेवरून येतो. तेव्हां ही पट्टी सुधारणें हें केवळ शोभेचें काम नाहीं.

अशा जागेला शोभेचें गवत हा चांगला उपाय आहे. गवताचीं मुळें तंतुमय असतात. तीं माती धरून ठेवतात, परंतु वड-पिंपळाच्या मुळांप्रमाणें जोत्यांत शिरून भिंत फोडीत नाहींत. पान अरुंद व लवचिक असल्यामुळें तें जाणाऱ्या-येणाऱ्यास अडवीत नाहीं. ठोंब एकदां रुजला कीं तो वर्षानुवर्षें टिकतो. असें असूनहि पुष्कळांचा हा प्रयत्न फसतो. रोपवाटिकेंत भर उन्हांत डुलणारे गवताचे तुरे पाहून मन मोहतें. तेंच रोप आणून सावलींत लावलें जातें. आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याचीं पानें पिवळट व लांबट होऊन जमिनीवर लोळूं लागतात. मग 'त्या जागेंत कांहीं येतच नाहीं' असा निकाल दिला जातो व पट्टी पुन्हां कचऱ्याच्या स्वाधीन होते. आमच्या मतें येथें क्रम उलटा झालेला असतो. आधीं रोप निवडलें जातें व जागा मागाहून पाहिली जाते. प्रस्तुत पाठांत आपण जागेपासूनच आरंभ करूं.

सावली कशी मोजावी

बागकामावरील पुष्कळशीं इंग्रजी पुस्तकें ज्या देशांत लिहिलीं गेलीं, तेथें दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच असतो. लंडन सुमारें ५१.५ उत्तर अक्षांशावर आहे. तेथें भर उन्हाळ्यांतहि इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीवर दुपारचें ऊन पडत नाहीं. त्यामुळें 'उत्तरेची बाजू म्हणजे सावलीची बाजू' हा नियम त्या पुस्तकांत असतो, व तेथें तो योग्यहि आहे. आपल्याकडे मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

पुणें सुमारें १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथें मध्यान्हीं सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारें ४८ अंश उंचीवर असतो, म्हणून वीस फूट उंच भिंतीची सावली उत्तरेस सुमारें अठरा फूट पडते. त्या दिवसांत उत्तरेची पट्टी पूर्ण सावलींत असते. परंतु पुढें सूर्य वर वर सरकत मेच्या मध्याच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, आणि जुलैच्या अखेरीस परत फिरतांना पुन्हां डोक्यावर येतो. यांनाच आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतों. या दोन दिवसांच्या मधल्या काळांत मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित् उत्तरेस असतो. म्हणजे जी पट्टी हिवाळाभर सावलींत होती, तिच्यावर मे महिन्यांत भर दुपारीं ऊन पडतें. जूनमध्यें पाऊस व ढग आल्यावर हा ताप कमी होतो. म्हणून आपल्या पट्टीची खरी कसोटी एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंतच्या दिवसांत असते. हिवाळ्यांतील गार सावली पाहून लावलेलें नाजुक रोप मेमध्यें कां करपतें, याचा उलगडा भूगोलाच्या पुस्तकांत आहे.

यासाठीं एक वही घ्यावी. पट्टीच्या दोन्ही टोकांना व मध्यें अशा तीन खुंट्या ठोकाव्या. २२ डिसेंबर, २१ मार्च, १५ मे व २३ सप्टेंबर या तारखांच्या आसपास एकेक स्वच्छ दिवस निवडून सकाळीं ७ पासून संध्याकाळीं ६ पर्यंत दर तासाला प्रत्येक खुंटीशीं ऊन आहे कीं सावली, हें लिहावें. मे महिन्यांत शाळेला सुट्टी असते. तेव्हां जवळ राहणाऱ्या मुलांनीं हें काम आपसांत वांटून घ्यावें. जेथें दिवसांतून दोन तासांहून कमी ऊन येतें ती दाट सावली, व जेथें दोन ते चार तास ऊन येतें ती अर्धी सावली, असा ढोबळ भेद आपल्या कामास पुरेसा आहे.

दाट सावलीचेहि दोन प्रकार आहेत. वर आकाश मोकळें असेल तर ऊन न पडतांहि पुष्कळ उजेड मिळतो. वर पडवीचें छप्पर किंवा दाट झाड असेल तर तोहि मिळत नाहीं. दुपारीं जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर तळहात धरावा. हाताची छाया अंधुक कां होईना, पण दिसली, तर सावलींतलें गवत तेथें जगेल. छाया मुळींच दिसली नाहीं, तर तेथें गवताचा हट्ट न धरतां स्वच्छ धुतलेले गोटे पसरावे हें बरें.

सावलीबरोबर ओलहि पाहिली पाहिजे. कौलारू छपराच्या पागोळ्या जेथें पडतात, तेथें माती वाहून जाऊन लांबच लांब चर पडतो; त्या चराच्या आंत, भिंतीला लागून, भर पावसाळ्यांतहि जमीन कोरडी राहते. एकाच हातभर रुंदीच्या पट्टींत चिखल व धूळ शेजारीं शेजारीं नांदतात, तीं अशीं. एक फूट खोल खड्डा करून तो पाण्यानें भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हां भरावा. दुसऱ्या वेळचें पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत उभें राहिलें, तर ती जागा पाणथळ समजावी. तसेंच जुन्या बांधकामाच्या कडेला मातींत चुन्याचे खडे पुष्कळ असतात. पांढऱ्या खड्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकल्यास बुडबुडे आले, तर तो चुना होय. असे खडे वेंचून काढल्यावांचून तेथें कांहींहि लावूं नये.

बहुतेक गवतांना ऊन कां लागतें

आतां रोपांकडे वळूं. रोपवाटिकेंतील बहुतेक शोभिवंत गवतें मोकळ्या माळरानांतून व नदीकांठांवरून आलेलीं आहेत. त्यांच्या पूर्वजांना सावलीची संवय नव्हती. परंतु याहून खोल असें एक कारण पानाच्या आंत आहे.

भात, गहूं व बांबू यांच्या पानांत हवेंतील कार्बन डायऑक्साइड सरळ साध्या रीतीनें पकडला जातो. ऊस, मका, ज्वारी व हरळी यांच्या पानांत मात्र एक जादा टप्पा असतो. तेथें हा वायु प्रथम चार कार्बन-अणूंच्या आम्लांत बांधला जातो, व मग पानाच्या आंतल्या पेशींत नेऊन सोडला जातो. १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं उसाच्या पानावर प्रयोग करून ही रीत स्पष्ट केली. हा जादा टप्पा म्हणजे विहिरीवर दुसरी मोट लावण्यासारखें आहे. शेत मोठें असेल तर दुसऱ्या मोटेनें पीक दुप्पट येईल. पण तिच्या बैलांनाहि वैरण घालावी लागते. भर उन्हांत व उष्णतेंत ही वैरण, म्हणजे प्रकाशाची शक्ति, मुबलक असते, म्हणून ऊस व हरळी जोमानें वाढतात. सावलींत तीच वैरण अपुरी पडते. आंब्याखालची हरळी विरळ होत होत नाहींशी होते, यामागें हें एक मोठें कारण आहे. या नियमाला अपवादहि आहेत, व त्यांतील दोन पुढें येतील. परंतु नवशिक्यानें नियमच आधीं लक्षांत ठेवावा.

यावरून कोणतीं गवतें सावलीसाठीं टाळावीं हें समजतें. झुपक्यानें येणारें व मऊ तुऱ्यांचें पेनिसेटम, उंच पांढऱ्या पिसाऱ्यांचें पंपास गवत, वाळा, आणि परसांत चहासाठीं लावतात तो गवती चहा, हीं सर्व उन्हाचीं माणसें आहेत. सावलींत तीं लगेच मरत नाहींत. दोन वर्षें कशीबशीं जगून दाखवितात व तेवढ्यांत आपला वेळ व पाणी खर्ची पडतें. शिवाय गवती चह्याच्या पानांची कड हाताला कापते. उलट, इंग्रजी पुस्तकांत सावलीसाठीं ज्याची फार वाखाणणी असते तें हाकोनेक्लोआ नांवाचें गवत जपानांतील हाकोने डोंगराच्या नांवानें ओळखलें जातें. त्याला गारवा व बारमाही ओल लागते, म्हणून दख्खनच्या उन्हाळ्यांत तें टिकवूं पाहणें हा निष्फळ खटाटोप होय.

गवत, लव्हाळा व गवतासारखीं झाडें

बाजारांत ज्या सर्वांना 'गवत' म्हणून विकतात, तीं तीन निराळ्या घराण्यांतील असतात. खऱ्या गवताची काडी गोल असून तिला पेरें असतात. लव्हाळ्याच्या कुळांतील काडी बहुधा तीनधारी व बिनपेरांची असते. ती बोटांत फिरविली कीं धारा लागतात. तिसऱ्या प्रकारच्या झाडांना पेरांची काडीच नसते. पानें जमिनींतून झुपक्यानें निघतात व मधून फुलांचा दांडा येतो. यांतील कांहीं शतावरीच्या कुळांतील आहेत, तर वेखंडाचें कुळ अगदींच स्वतंत्र आहे. हा भेद पंडितांपुरता नाहीं. दाट सावलीचा भार बहुतांशीं हा तिसरा वर्गच पेलतो, हें ज्याला ठाऊक नाहीं तो पहिल्याच वर्गांत शोध घेत बसतो.

कोणत्या जागीं काय लावावें

दाट सावली असून ओल बेताची असेल, तर ऑफिओपोगॉन जॅपोनिकस लावावें. रोपवाटिकेंत यास मोंडो गवत म्हणतात. हें चीन व जपान या देशांकडचें आहे. पान काळसर हिरवें, बारीक व कमानदार; उंची सहा ते आठ इंच. तें सावकाश पसरतें, म्हणून पट्टीबाहेर जात नाहीं. याच्या पट्टेरी पानांच्या जातिहि मिळतात. पांढऱ्या पट्ट्यांमुळें अंधाऱ्या कोपऱ्यांत उजेड पडल्यासारखें वाटतें. पण पांढऱ्या भागांत हरितद्रव्य नसल्यामुळें अशा रोपाला उजेड अधिक लागतो. तीं बोळाच्या तोंडाशीं लावावीं व आंत साधीं हिरवीं लावावीं.

पागोळ्यांच्या आंतील कोरड्या जागेसाठीं क्लोरोफायटम कोमोसम उत्तम. दक्षिण आफ्रिकेंतील हें झाड आपल्याकडे कुंड्यांतून सर्वत्र दिसतें. त्याच्या लांब दांड्यांवर लहान लहान रोपें लोंबतात. त्याचीं मुळें मांसल असून त्यांत पाणी सांठतें, त्यामुळें पाणी देण्यास दोन-चार दिवस उशीर झाला तरी चालतें. पावसाळ्यांत डोंगरांत मिळणारी कुळीची भाजी व औषधी सफेद मुसळी हीं याचींच भावंडें आहेत. मात्र मेमधील दुपारचें ऊन याच्या पानांना सोसत नाहीं. आपल्या वहींत त्या खुंटीशीं मे महिन्यांत दुपारचें ऊन नोंदलेलें असेल, तर तेथें हें लावूं नये.

पाणी सांचणाऱ्या जागीं अर्धी सावली असेल, तर वेखंड लावावें. तान्ह्या मुलांच्या घुटींतील वेखंड तें हेंच. त्याचीं तलवारीसारखीं पानें दोन-तीन फूट उंच होतात व चुरगळल्यास सुवास येतो. नळाखालच्या सांडपाण्याजवळ लव्हाळ्याच्या कुळांतील सायपरस अल्टर्निफोलियस शोभतें. त्याच्या उंच काडीच्या टोकाला पानांची छत्री असते. ती छत्री थोड्या काडीसह कापून पाण्यांत उलटी ठेवल्यास कांहीं आठवड्यांत तिला मुळें व कोंब फुटतात. हा प्रयोग वर्गांत अवश्य करावा; मात्र भांड्यांतील पाणी आठवड्यांतून एकदां तरी पूर्ण बदलावें, नाहींतर त्यांत डेंग्यू पसरविणाऱ्या डांसांची पैदास होईल. याच कुळांतील नागरमोथ्याच्या गांठी मातींत असल्यास लागवडीपूर्वीं खणून वेंचाव्या. त्यांतील एक राहिली तरी पुढें वर्षानुवर्षें खुरपें हातीं घ्यावें लागतें.

खऱ्या गवतांतूनच निवड करावयाची असेल, तर आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत झाडांखालीं पसरणारें ओप्लिस्मेनस हें एक आहे. त्याचें पान रुंद, मऊ व लाटांसारखें दुमडलेलें असतें. गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांची त्याची एक जात बागांत लावतात. त्याचें बी कपड्यांना चिकटतें, म्हणून तुरे येतांच खुडावे. रुंद पानांचें ॲक्सोनोपस, ज्याला कार्पेट गवत म्हणतात, तें हरळीच्या रीतीचें असूनहि अर्धी सावली सोसतें. त्याला पाणी मात्र नियमित लागतें. तसाच दुसरा अपवाद सेटॅरिया पामिफोलिया. त्याचें पान कोंवळ्या माडाच्या पानासारखें चुण्यांचें असून फार देखणें दिसतें. परंतु तें पुरुषभर उंच होऊं शकतें. अरुंद पट्टींत त्याला जागा नाहीं. बोळाच्या टोकाशीं मोकळा कोपरा असेल तर तेथें एकच लावावें.

रुंदी व उंची यांचा विचार

रोप घेतांना आज तें केवढें आहे हें न पाहतां पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होईल हें विचारावें. तो घेर पट्टीच्या रुंदीपेक्षां अधिक नसावा. दीड फुटी पट्टींत तीन फूट घेराचें गवत लावलें, कीं अर्धीं पानें भिंतीला घासून कुजतात व अर्धीं पायांखालीं तुडविलीं जातात.

उंचीसंबंधीं एक नियम शाळांनीं विशेष पाळावा. दारें, खिडक्या व जाण्या-येण्याच्या वाटा यांच्याजवळ गुडघ्याहून उंच असें दाट गवत नसावें. गार, ओलसर व दाट जागा साप-विंचवांना आवडते. पट्टी स्वच्छ करून तेथें त्यांच्यासाठीं नवा आडोसा उभारण्यांत अर्थ नाहीं. ठेंगणें गवत, त्यांतून दिसणारी जमीन, आणि दर आठवड्यास केलेली तपासणी एवढें असलें म्हणजे भीतीचें कारण फारसें उरत नाहीं. तपासणी करतांना हात न घालतां काठी वापरावी.

तसेंच एका पट्टींत पांच-सहा जातींची खिचडी करूं नये. अरुंद जागेंत एकाच जातीची लांब ओळ डोळ्यांना शांत वाटते व तिची निगाहि सोपी असते. फार तर दोन जाति घ्याव्या: कोरड्या भागास एक, ओल्या भागास एक.

लागवड

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या अखेरीस, कामास लागावें. कुदळीनें एक फूट खोल खणून खडे काढावे, व मातीच्या एक-तृतीयांश इतकें जुनें शेणखत किंवा पाल्याचें खत मिसळावें. माती भरतांना ती इमारतीच्या जोत्याहून खालींच ठेवावी व तिचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूस काढावा. नाहींतर ओल भिंतींत चढून वर्गाचा गिलावा पडतो. पागोळ्यांच्या चरांत लहान गोटे पसरावे.

वीस फूट लांब व दीड फूट रुंद पट्टींत मोंडो गवताच्या दोन ओळी, रोपारोपांत आठ इंच अंतर ठेवून, तिरक्या जोडणीनें लावल्यास सुमारें साठ फुटवे लागतात. साठ कुंड्या विकत घेण्याची गरज नाहीं. चांगल्या भरलेल्या एका कुंडींतून आठ-दहा फुटवे निघतात. म्हणजे सहा-सात कुंड्या पुरतात. प्रत्येक फुटव्याला मुळें आहेत हें पाहून तो पूर्वीं होता तेवढ्याच खोलीवर लावावा. सावलींत वाढ मंद असते. ओळ भरून येण्यास दोन वर्षें लागतील, हें आधींच जाणून असावें. तोंवर मधल्या मोकळ्या जागीं सुकल्या पाल्याचा पातळ थर द्यावा. पाणी देण्यापूर्वीं बोट मातींत खुपसून पाहावें. ओल लागली तर झारी परत न्यावी. सावलींतील रोपें तहानेपेक्षां अति पाण्यानेंच अधिक दगावतात.

ज्या वर्गानें हें काम हातीं घेतलें, त्यानें खुंट्यांची वही पुढच्या वर्गाच्या हवालीं करावी. कोणत्या खुंटीशीं काय लावलें, कोणतें रोप मेमध्यें करपलें व कोणतें तगलें, हें तींत दरवर्षीं लिहीत जावें. आपल्याच भिंतीच्या सावलीबद्दल एवढी खात्रीची माहिती कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं, आणि नवें रोप आणण्यास निघालेल्या मुलाला रोपवाटिकेंतील तुऱ्यांपेक्षां त्या वहीचाच अधिक उपयोग होईल.